नव्याच्या आधी

“नागलीची भाकरी येते ना गं तुला?”

ज्योत्स्नावहिनींनी हे विचारलं तेव्हा मी लसूण सोलत होते. नख पाकळीत रुतलं, एवढंच झालं. कढईतली मोहरी तडतडायची तशी तडतडली, बाहेर गंगापूर रोडवर सकाळी अकराला जेवढे हॉर्न वाजतात तेवढे वाजले. मी म्हटलं, येते. त्या म्हणाल्या, मग काय, बाकीच्यांना तूच शिकव, आणि चपला वाजवत पुढे हॉलमध्ये गेल्या. मी लसूण सोलत राहिले. थोड्या वेळानं पाहिलं तर सालं वाटीत पडत होती आणि पाकळ्या कचऱ्यात. अकरा वर्षं मी या बाईच्या स्वयंपाकघरात आहे. अकरा वर्षांत तिनं मला पुरणपोळी येते का विचारलं, पनीर येतं का विचारलं, नूडल्स शिकशील का विचारलं. नागलीचं, म्हणजे नाचणीचं, नाव या भिंतींच्या आत एकदाच निघालं होतं. ते कुणी काढलं, कसं काढलं, हे तिच्या गावीही नव्हतं. मला मात्र ते तारखेसकट—

नाही. तारीख आठवत नाही, उगाच सांगू नये. पंच्याण्णव साल. दिवाळी होऊन गेली होती आणि वार बुधवार होता, कारण बुधवारी गंगेवर, नदीच्या घाटावर, बाजार भरतो आणि आई त्या बाजारात खुरासणी, म्हणजे कारळे, विकून माझ्याकडे आली होती. तेव्हा ही जागा म्हणजे सहा टेबलांची खाणावळ. डायनिंग हॉल ही पाटी नंतरची. मागच्या दाराला दोन पायऱ्या होत्या, कामाच्या बायका तिथे बसून जेवायच्या. आईनं फडकं सोडलं. पहाटे थापलेल्या तीन भाकरी, नागलीच्या, वर खुरासणीची चटणी. एक मी ताटलीत घेतली. माझी आई, भागीबाई, कमी बोलायची. ती नुसती माझ्या हातांकडे बघत होती, भांडी घासून ते पांढरे पडले होते. एवढ्यात बँकेतले कुणी साहेब हात धुवायला मागे आले, ताटलीकडे पाहून वहिनींना हसत काहीतरी म्हणाले. काय ते ऐकू आलं नाही. वहिनी आल्या. हातात पोळ्या उलटायचा चिमटा होता. त्या चिडल्या नव्हत्या. हे मुद्दाम सांगते. चिडल्या असत्या तर मी केव्हाच विसरले असते. त्यांनी चिमट्यानं माझ्या ताटलीतली भाकरी उचलली, मग फडक्यातल्या दोन, एकेक करून, आणि खरकट्याच्या बादलीत सोडल्या. “गिऱ्हाईक बघतं गं,” त्या म्हणाल्या. “शेणासारखं दिसतं ते.” मग दोघींना पोळ्या वाढल्या, गरम, वर तूप. आणि आई हसली. “बाईंचं बरोबर हाय,” असं म्हणाली, आणि पोळी जेवली, शेवटच्या घासानं ताटलीतलं तूप पुसून घेतलं.

बादलीचं मला काही नाही. चिमट्याचंही नाही. ते हसू. आई नव्व्याण्णवला वारली आणि तेव्हापासून तिचा चेहरा आठवायला गेलं की दुसरा कुठला येतच नाही. ती आवणीत, भाताच्या लावणीत, वाकलेली असायची, तापात पडलेली असायची, माझ्या लग्नात आणि लगेच दीड वर्षानं माझ्या नवऱ्याच्या दहाव्याला तीच एक नऊवारी नेसून उभी होती, एवढे चेहरे होते तिला, आणि शिल्लक राहिला तो हा. पायरीवर बसलेली, ओठ ताणून हसणारी, बाईंचं बरोबर हाय. वहिनींनी माझी भाकरी टाकली ते परतफेड करण्यासारखं आहे, टाकलेली भाकरी पुन्हा थापता येते. पण माझ्या आईचे बाकीचे चेहरे त्यांनी कुठे टाकले?

हे मी अकरा वर्षं रोज उगाळत होते असं कुणाला वाटेल. तसं नाही. महिनोन् महिने आठवण यायची नाही. मी चांगलं काम करते. वहिनी पगार वेळेवर देतात, आजारपणात डॉक्टरकडे त्यांच्या गाडीतून नेतात, त्यांचे मिस्टर रंगनाथशेठ गेले तेव्हा त्यांनी माझ्याच खांद्यावर डोकं टेकलं होतं आणि मीही रडले होते, खोटं नाही. पण रडतानासुद्धा माझ्या आत एक जागा होती, तळहाताएवढी, तिथे कोरडं होतं. त्या जागेवर मी कुणाला पाय ठेवू दिला नाही. राग म्हणत असाल तर म्हणा. मला तो रागासारखा कधी वाटला नाही. दात दुखायचा थांबला तरी जीभ तिथेच जाते, तसं काहीतरी.

आणि आता, दोन हजार सहाच्या सप्टेंबरात, हॉलच्या दारावर कापडी फलक लागला.

नागली महिना
डोंगराची थाळी जेवा
एक थाळी, बंधाऱ्याचा एक दगड

शहरातल्या डॉक्टरांनी साखरेचा आजार असलेल्यांना नागली खा म्हणून सांगायला सुरुवात केली होती, हे एक कारण. दुसरं कारण अमित. अमित पेठ तालुक्यातल्या बायकांच्या सामाईक शेतीचं काम बघणाऱ्या संस्थेत होता, मोटारसायकलवरून हिंडायचा, चष्मा दर आठवड्याला कुठेतरी विसरायचा, आणि जेवायला आमच्याकडे यायचा. त्यानं वहिनींना एकोणीस बायकांची गोष्ट सांगितली. डोंगरउतारावरची वरकस, हलकी जमीन या बायकांनी एकत्र कसायला घेतली. सगळ्यांनी सगळ्यांच्या तुकड्यात राबायचं आणि पिकेल ते एकोणीस ठिकाणी सारखं वाटायचं. खाली ओढ्यावर बंधारा झाला तर दिवाळीनंतरही पीक घेता येईल, मग द्राक्षछाटणीच्या मजुरीसाठी पेठ नाक्यावर बोचकी घेऊन उभं राहावं लागणार नाही. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या डोळ्यांत पटकन पाणी येतं. महिनाभर थाळीमागे काही रक्कम बाजूला काढायची आणि शेवटच्या रविवारी, दिवाळीच्या आधीच्या, शहरातल्या दोनशे लोकांना जेवायला बोलवून उरलेली भर त्यांच्याकडून घालून घ्यायची, असं ठरलं. जेवण झालं की पाहुणे आपापला आकडा जाहीर करणार. अमितनं गावाचं नाव सांगितलं. पेठच्या पुढे नऊ किलोमीटर. वहिनी आत येऊन मला म्हणाल्या, अगं, तुझंच गाव. जणू त्यांनी ते मला भेट दिलं होतं.

एकोणीस बायकांतल्या चौदा मला नावानिशी माहीत होत्या. त्यांच्या पुढारी पुतळाबाई, म्हणजे आमच्या पुतळामावशी, आईच्या जोडीच्या. लहानपणी मी त्यांच्या पाठीवर बसून राब भाजायला, पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळायला, गेलेली आहे. हे सगळं मला माहीत होतं. पुढे जे केलं ते माहीत असून केलं.

नवं म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्याकडे नवं धान्य आलं म्हणून कुणी लगेच खात नाही. भगत, गावचा पुजारी, दिवस धरतो. त्या दिवशी नव्या नागलीचा पहिला घास कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, मग घरातल्या थोरांना, मग सगळ्यांना. त्याआधी शेतात कणसं पिकून वाकलेली असोत, घरात जुनं संपून डबे रिकामे होवोत, तोंडात घालायचं नाही. आणि कुणी घातलंच, तर ज्यानं खाल्लं तो आणि ज्या घरातून धान्य गेलं ते घर, दोघांनी गावासमोर उभं राहायचं. मोठा दंड नसतो. एक कोंबडी, एक नारळ. पण उभं राहायचं, आणि म्हातारी माणसं बघत राहतात, कुणी काही बोलत नाही. एरवी हे दसऱ्याच्या सुमाराला होऊन जातं. यंदा भगताच्या घरी सुतक आलं आणि दिवस पुढे गेला, दिवाळीतल्या शनिवारवर. वहिनींच्या जेवणानंतर सहा दिवसांनी.

वहिनींना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. तरी त्यांनी विचारलं. हेच मला अजून नीट गिळता येत नाही. जेवणाची पत्रिका छापायला टाकायची होती, ‘यंदाच्या नव्या नागलीची पहिली भाकरी’ अशी ओळ अमितनंच सुचवली होती, आणि वहिनी तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “तुमच्यात नव्या धान्याचं काही असतं ना गं, पूजा वगैरे? अमित म्हणत होता दसऱ्याला होतं. ते झालंय ना यंदा? नाहीतर जुनीच वापरू आपण. उगाच कुणाचं मन दुखवायला नको.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा या बाईनं आमचं काही विचारलं होतं, आणि नीट विचारलं होतं. तिनं विचारलं नसतं तर कदाचित मी काहीच केलं नसतं. जुनी नागली भिजवली असती, थापली असती. पण तिनं कागद छातीशी धरला होता, मान थोडी कलती केली होती, आणि मला एकदम तो रविवार दिसला. हॉल भरलेला. समोर मंचावर पुतळामावशी आणि आमच्या बायका. वहिनी हातात भाकरीचं ताट घेऊन हसत पुढे होतात, आणि मावशी म्हणतात, नको बाई. आम्ही हे नाय खात. तुम्ही देवीच्या आधी शिजवलं. दोनशे लोकांसमोर. आणि मग वहिनी, हातात ताट तसंच धरून, काय करतील? त्या हसतील. ओठ ताणून. म्हणतील, तुमचं बरोबर आहे. तो चेहरा मला बघायचा होता. एकदा बघितला असता तर माझ्याकडे दोन झाले असते, आणि दुसऱ्यानं पहिला झाकता आला असता.

“झालं,” मी म्हटलं. “दसऱ्यालाच झालं, वहिनी.”

त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेल्या. जिभेवर काहीतरी गोड आल्यासारखं झालं, मोहाचं फूल चघळल्यावर येतं तसं, जरा घुसमटवणारं.

त्यानंतरचे दिवस मी फार आनंदात होते. हे सांगायलाच हवं. पायात चपळाई आली. रविवारसाठी मी आणखी चार बायकांना भाकरी शिकवली: पाणी खळखळलं पाहिजे, पीठ एकदम सोडायचं, झाकण, वाफ, मग कढत असतानाच मळायचं, हात भाजला तरी. भाजतोच तो. थापताना कडा फाटली तर पाण्याचं बोट. बायका चुकल्या की मी हसायचे. एक म्हणाली, आशाताई, तुम्हाला लॉटरी लागली का काय. भाऊ गोटीराम याला मी गावातल्या फोनवर बोलावून घेतलं आणि त्याच्या शेतातली हळवी नागली, जी आधी पिकते आणि आधी कापतात, ती दोन गोण्या मागितली. शहरातल्या लोकांना दाखवायला ठेवायची आहे, म्हटलं. तो जीपवर गोण्या टाकून पेठ नाक्यावर आला, गोण्यांच्या तोंडाशी कडुनिंबाचा पाला खोचलेला. चहा पिताना बशीतून मान वर करून म्हणाला, दळशील ते नव्यानंतरच ना, बाय? मी म्हटलं, तर. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं, तिसरं बोलावंच लागलं नाही. गिरणीवाल्यानं दळून दिलं. पीठ ओलसर होतं, रंगानं गर्द, नव्याचा वास असलेलं. घरी आई पहिल्या पिठात बोट घालून हुंगायची. मी हुंगलं नाही. शिकवतानाही चाखलं नाही, जिभेला टेकवलं नाही, काम झालं की कोपरापर्यंत हात धुतले. म्हणजे देवी मला कळत होती. तिला मी बाजूला बसवून ठेवलं होतं, थोडा वेळ थांब म्हणून.

आणि बंधारा? त्याचा विचार आला नाही असं नाही. मंचावर मावशी नको म्हणाल्या की पाहुणे बिथरणार, आकडे जाहीर होणार नाहीत, ओढा आहे तसा वाहून जाणार, बायका छाटणीला नाक्यावर उभ्या राहणार, हे सगळं ओळीनं दिसत होतं. मी स्वतःला सांगायचे, बंधाऱ्याचं आधीही दोनदा ठरलं होतं, कुठे झाला. पण खरं सांगू का. माझ्या त्या हॉलमध्ये दोनशे लोक नव्हतेच. एकोणीस बायका नव्हत्या. तिथे दोनच चेहरे होते, तिचा आणि तिच्याकडे बघणारा माझा.

रविवार. दुपारी साडेबारा. मी ताटं सरकवायच्या खिडकीमागे उभी. आत आठ शेगड्या पेटलेल्या, पाठीला आच, तोंडावर हॉलमधल्या पंख्यांचा वारा. पुतळामावशी आल्या होत्या, बरोबर लताबाई आणि झुंबरबाई. तिघींना मंचावर खुर्च्या, गळ्यात झेंडूच्या माळा. मावशी खुर्चीच्या काठावर बसल्या होत्या, एस.टी.त सीट धरून ठेवतात तशा. अमित बोलला. पाहुणे बोलले, डोंगर, धरित्री, माउली. मला काही ऐकू येत नव्हतं. मी वहिनींच्या मानेकडे बघत होते, तिथे घामानं केस चिकटले होते, आणि मनात म्हणत होते, आता. पहिल्या तीन भाकरी मीच थापून पाठवल्या होत्या. ताटं मंचावर गेली. मावशींनी भाकरीला हात लावला, कड मोडली, बोटांनी चुरली. मी ते इथून पाहिलं. चिमूट नाकाशी नेली. हात थांबला. त्यांनी लताबाईंकडे पाहिलं नाही, अमितकडे पाहिलं नाही. सरळ खिडकीकडे पाहिलं.

आता, मी म्हटलं.

आणि वहिनींनी माइक हातात घेतला. “थांबा, थांबा. आधी मला एका माणसाला बोलवायचंय. आशा, बाहेर ये.”

हे माझ्या हॉलमध्ये नव्हतं. मी पदराला हात पुसले. कुणीतरी मागून ढकललं. टेबलांमधून जाताना लोक खुर्च्या सरकवून वाट देत होते आणि माझ्या चपलेचा एक पट्टा तुटका होता, तो फटफटत होता. वहिनी सांगत होत्या, ही आशा, याच गावची, अकरा वर्षं आमच्या घरातली, ही भाकरी तिच्या हातची, आम्हाला तिनंच शिकवली. हे त्या मनापासून सांगत होत्या. मी जवळून पाहिलं. त्यांनी माझं कोपर धरून मला मंचावर घेतलं, पुतळामावशींच्या शेजारी, इतकं शेजारी की मावशींच्या लुगड्याला येणारा जीपमधल्या डिझेलचा वास मला आला. “तर नव्या नागलीचा पहिला घास,” वहिनी म्हणाल्या, “मी आशाला भरवणार.”

घास वीतभर अंतरावर होता तेव्हा मी मोजून चार गोष्टींचा विचार केला. एक, नको म्हणावं. दोन, का नको ते सांगावं लागेल. तीन, सांगितलं की वहिनी सगळ्यांसमोर म्हणतील, अगं पण मी तुला विचारलं होतं, तूच म्हणालीस झालं. चौथी गोष्ट विचार नव्हता. पुतळामावशींचा श्वास होता, माझ्या उजव्या कानाजवळ, संथ. मी सगळं ठरवलं होतं, कोण कुठे बसणार, कोण काय बोलणार, पंखे किती वेगानं फिरणार. फक्त मी कुठे उभी असेन ते ठरवायचं राहिलं होतं. वहिनींच्या बोटांना लवंगेचा वास होता. माझं तोंड उघडलं. घास आत गेला. आणि ओठ मिटताना मला कळलं की मी हसते आहे. ओठ ताणले जात होते, गाल वर जात होते, मी ते थांबवू शकत नव्हते. बाहेरून तो चेहरा कसा दिसत असेल ते मला पाठ होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाकरी गोड होती. नव्याची असते.

मग वहिनी मावशींकडे वळल्या, ताट पुढे केलं, आणि मी, अजून घास तोंडात असताना, मनातल्या मनात किंचाळून म्हणत होते, म्हणा नको, मावशी, म्हणा, माझं काही का होईना, म्हणा. मावशींनी हात जोडले. माइक जवळच होता, त्यांचा आवाज हॉलभर गेला. “आज उपास हाय आमचा, बाई. तिघींचा. तुम्ही जेवा सगळे. पोटभर जेवा.”

एवढंच. उपास म्हटल्यावर शहरात कुणी पुढे विचारत नाही. कुजबुज झाली ती कौतुकाची. उपाशीपोटी एवढ्या लांबून आल्या, असं एक बाई डोळ्यांना रुमाल लावून म्हणाली. वहिनींनी तिघींना केळी आणि दूध आणवलं. प्रमुख पाहुण्यांनी उठून त्यांच्या ठरलेल्या रकमेच्या दुप्पट जाहीर केली, मग त्यांच्या मागच्या टेबलानं, मग भिंतीकडच्या. अमित कागदावर लिहीत होता आणि चष्मा सापडत नव्हता म्हणून कागद नाकाला लावत होता. बंधारा झाला, असं तो दोनदा मोठ्यानं म्हणाला. दोनशे लोक नव्याच्या आधीची नागली जेवले, वर तूप, वर ठेचा, आणि त्यांचं काहीही झालं नाही. त्यांना काय होणार.

मी त्यांच्यामागून बाहेर गेले. जीप गल्लीत उभी होती. झुंबरबाई आधीच आत बसल्या होत्या, केळं सोलत. मला पाहून म्हणाल्या, शहरात देवी जीपभाडं नाय म्हणून येत नाय, असं वाटलं का गं तुला? लताबाईंनी त्यांना गप्प केलं. मावशी चढायच्या पायरीपाशी उभ्या होत्या. गळ्यातली माळ काढून त्यांनी हातावर गुंडाळली होती.

“गोटीरामच्या शेतातली ना?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

“त्याला ठाऊक होतं?”

“नाही.”

“म्हंजे त्यो न खाता उभा राहणार गावासमोर. पोराबाळांसकट.”

मी म्हटलं, मला वाटलं तुम्ही नको म्हणाल. तिला. सगळ्यांसमोर. मावशींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. आमच्या गावात म्हातारी माणसं असंच बघतात.

“तुझं काय ते भांडण, तुझ्या तोंडानं भांडायचं व्हतं,” त्या म्हणाल्या. “आमच्या तोंडानं कशाला?” मग हातावरची माळ सोडवू लागल्या. “भागी लय सांगायची या बाईचं. पोळीवर तूप वाढलं म्हणून. किती वेळा सांगायची. आवणीला वाकलं की चालूच तिचं, असं तूप, तसं तूप.”

मला बोलायचं होतं. बादलीचं. चिमट्याचं. आईनं गावात सांगताना ते गाळलं होतं, की तिला खरंच ते दिसलंच नव्हतं, की तिनं गिळून टाकून वर तूप सोडलं होतं, हे आता कुणाला विचारायचं? ज्या हसण्यासाठी मी भावाला गावासमोर उभं केलं ते हसणं कशाचं होतं, हे मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं माहीत होतं. आता नव्हतं.

“शनवारी नवं हाय,” मावशी म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, बस किती वाजता आहे ते सांगावं तसं. “तू नको येऊ.”

यंदा की कायम, ते मी विचारलं नाही. जीप पेठ नाक्याच्या दिशेनं वळली. मी गल्लीत उभी राहिले. मागच्या दारानं आत जायचं, शेगड्या बंद करायच्या, भांडी भिजत घालायची. पाय सवयीनं तिकडेच निघाले होते. मी त्यांना थांबवलं. वळसा घालून पुढे आले. फलकाखालून, पुढच्या काचेच्या दारातून आत गेले. या दारानं मी अकरा वर्षांत फरशी पुसायलाच गेले होते. बरेच पाहुणे उठून गेले होते, काही पान खात उभे होते. मंचाला लागूनचं टेबल रिकामं होतं. प्रमुख पाहुण्यांचं. मी त्या खुर्चीत बसले. गादी होती तिला.

मला वाटलं होतं की राग संपला असेल. त्याला आता जागाच कुठे उरली होती, सगळ्या बाजूंनी मीच चुकले होते. पण राग काही हिशेबानं येत-जात नाही. तो तिथेच होता, तळहाताएवढा होता तो हॉलएवढा झाला होता, आणि आता तो आईचा नव्हता, गावाचा नव्हता. माझा एकटीचा होता. त्याच्यावर कुणाचा हक्क नव्हता.

“वहिनी,” मी म्हटलं. “वाढा मला.”

त्या दारापाशी कुणाला तरी निरोप देत होत्या. वळल्या. क्षणभर त्यांना कळलं नाही. मग चेहरा फुलला; अगं हो की, तू जेवलीच नाहीस, असं म्हणत त्या स्वतः ताट घेऊन आल्या. फोटोवाला अजून होता, त्यानं फोटो काढला. मालकीण वाढतेय, कामाची बाई जेवतेय. मी भाकरी मोडली आणि खाल्ली. गोड होती. पूर्ण खाल्ली, कडेसकट.

“अजून,” मी म्हटलं.

त्यांनी वाढली. मी खाल्ली. चटणी नको, तूप नको, नुसती. तिसरी मागितली. फोटोवाला गेला. वहिनी हसत होत्या, पण आता दाराकडे बघत होत्या, पाहुण्यांना सोडायला जायचं होतं त्यांना. चौथी मागितली तेव्हा त्यांनी आतल्या बायकांना हाक मारली. मी म्हटलं, त्यांना नको. तुम्ही. पोट भरून आलं होतं, घास घशाशी अडत होता, मी तो पाण्याशिवाय उतरवत होते. पाचवीला वहिनींचं हसू गेलं. राग आला नव्हता त्यांना. त्या घाबरल्या होत्या, आणि का घाबरल्या ते त्यांना कळत नव्हतं. “आशा,” त्या हळूच म्हणाल्या, “बरं वाटतंय ना तुला? थापलेल्या सगळ्या संपल्या गं.”

“पीठ आहे आत. अर्धी गोण आहे,” मी म्हटलं. “थापा. मी बसलेय.”